नवऱ्याचं मूळ: एस्पेरांतो शब्दयादीच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, धुळे

आज एस्पेरांतो ही भाषा रचणाऱ्या झामेनहोफचा वाढदिवस, म्हणून नोंदी आजपासून. १८५९चा जन्म, ब्यालिस्तोक गावचा. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आता पोलंडात आहे.

काम असं: एस्पेरांतोच्या पहिल्या पुस्तकात नऊशेच्या आसपास धातू आहेत, त्यांची मराठीत यादी करायची. चार रकाने: शब्द, देवनागरी उच्चार, अर्थ, मूळ. ३२ पानं, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे. कटिंगमधून उरलेल्या कागदावर छापून द्यायला प्रेसचे जिभाऊ तयार आहेत. अट एवढीच की लग्नसराईच्या आत दे, नंतर मशीन मिळणार नाही.

नाद भाच्याने लावला. तो पुण्याला नोकरीला आहे, मोबाईलवर शिकला. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "मावशी, तू दिवसभर शब्दच जुळवतेस, तुला हे आवडेल." आवडलं. दिवसभर मी लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं आणि दुकानांची बिलबुकं लावते. त्यात शब्द म्हणायला असे किती असतात? 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आणि 'यायचं हं'.

ते पहिलं पुस्तकही छापखान्यातल्या माणसाला आवडावं असंच आहे. १८८७ च्या जुलैत वॉर्सात निघालं, रशियनमधून. सगळी शब्दयादी एका कागदावर बसवलेली. सोबत कापून पाठवायची कुपनं: 'एक कोटी लोकांनी ही भाषा शिकायचं वचन दिलं, तर मीही शिकेन.' दोन वर्षं प्रकाशक मिळत नव्हता. शेवटी होणाऱ्या सासऱ्याच्या पैशातून छापलं, आणि ऑगस्टात लग्न झालं. हुंड्यातून निघालेलं व्याकरण, असं मी जिभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तर टिकणारच."

१९ डिसेंबर

उच्चाराचा रकाना सुरू. पाच अक्षरांवर टोपी आणि एकावर चंद्रकोर. ज्या छापखान्याकडे टोपीचे खिळे नाहीत त्याने अक्षरापुढे 'एच' लावून वेळ मारून न्यावी, अशी सवलत १९०५ च्या 'फुंदामेंतो'त, म्हणजे ह्या भाषेच्या मूळ नियमपुस्तकात, नियमातच दिली आहे. ह्या माणसाने प्रुफं तपासलेली असणार.

आपल्याला सवलतीची गरज वाटू नये, पण वाटते. गंमत उलटी आहे. एस्पेरांतोत ज दोन: एक जावयातला, एक जेवणातला. च दोन: एक चोरातला, एक चारमधला. मराठी तोंडाला हे चारही सवयीचे, शिकवावे लागत नाहीत. पण आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो. 'जावई जेवला' लिहिताना आपल्याला कळतं, परक्याला कळायचं नाही.

ठरवलं: जावयातल्या जला 'द्झ', चोरातल्या चला 'त्स'. दिसायला ओबडधोबड आहे, पण घोटाळा नाही. नुक्ता नको. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना नुक्ते गळून पडतात, हा अनुभव आहे.

२८ डिसेंबर

मुळाचा रकाना. मला वाटलं होतं हा सगळ्यात सोपा. भाषा एका माणसाने टेबलाशी बसून बनवली, तिच्या शब्दांना कसली आली व्युत्पत्ती? जिथून उचलला ते लिहायचं, संपलं.

पहिले दोन दिवस तसंच झालं. हुंदो, कुत्रा: जर्मन. बिर्दो, पक्षी: इंग्रजी. पात्रो, बाप: लॅटिन, आणि आपल्या पितृचं भावंड. क्लोपोदी, खटपट करणे: रशियन. काय, म्हणजे 'आणि': ग्रीक. 'पात्रो काय पात्रिनो' म्हणजे आई-वडील, पण धुळ्यात कोणीही हे वाचलं तर प्रश्न विचारलाय असंच समजेल. बोपात्रिनो, सासू: ह्यातला 'बो' फ्रेंचमधल्या 'सुंदर' ह्या शब्दाचा. सासू म्हणजे सुंदर आई. ही ओळ मी नवऱ्याला वाचून दाखवली. त्याने टीव्हीवरून नजर काढली नाही.

मग 'एद्झो'पाशी थांबले. अर्थ: नवरा. एद्झिनो: बायको. १९०५ च्या पुस्तकात प्रत्येक धातूला पाच भाषांत अर्थ दिलाय, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन, पोलिश. पाचही वाचले. 'एद्झ'सारखं काही एकातही नाही. जवळपाससुद्धा नाही.

जिभाऊ मागून डोकावले. "एद्झो? म्हंजे आपला आजोच ना वं ताई." आजोबा हाही कोणाचा तरी नवराच, असा त्यांचा पुरावा. रकाना रिकामा ठेवला.

५ जानेवारी २०२५

सापडलं. सापडलं म्हणजे एकाऐवजी दोन सापडली.

पहिलं खुद्द झामेनहोफचं. त्याला हा प्रश्न हयातीतच विचारला गेला होता. त्याचं उत्तर: मूळ शब्द 'क्रोनप्रिंत्सेद्झिनो', युवराज्ञी. जर्मन 'क्रोनप्रिन्त्सेसिन'वरून घेतलेला. क्रोनप्रिंत्सो म्हणजे युवराज. मोठ्या शब्दातून युवराज वजा केला की उरतं 'एद्झिनो'. तेव्हा हा उरलेला तुकडा म्हणजे 'बायको'. आणि -इन हा बाईचा प्रत्यय, तोही काढला की उरला 'एद्झो', नवरा.

दुसरं अभ्यासकांचं म्हणणं. झामेनहोफ ज्यू घरातला, यिडिश त्याच्या कानावरची. त्या भाषेचं व्याकरणही त्याने लिहिलं होतं. यिडिशमध्ये रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, बायकोला 'रेबेत्सिन' म्हणतात. त्यातला 'रेब' बाजूला केला की 'एत्सिन' उरतं, आणि त्यातूनच हा शब्द आला असावा. युवराज्ञीची गोष्ट जरा दरबारी पोशाख घालून सांगितलेली. रेबेत्सिनमध्येही एक गाठ आहे: त्यात दोन स्त्रीप्रत्यय एकावर एक चढलेत, स्लाव वळणाचा आणि जर्मन वळणाचा.

मला दोन्हींत भांडण दिसत नाही. रस्ता एकच आहे. 'बड्या माणसाची बायको' असा एक शब्द घ्यायचा, बडा माणूस कापून टाकायचा, उरेल ती बायको, आणि बायकोचं शेपूट कापलं की नवरा.

आपल्याकडे करून बघितलं. पाटलीण, म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण, मास्तरांची बायको (शिकवणारी बाई हा अर्थ नंतरचा). 'पाट' कापला तर 'लीण' उरते. बायको म्हणजे लीण. मग नवरा म्हणजे 'ल'. सौ. लीण आणि श्री. ल. हसू येतं, कारण 'पाटलीण'मधला सांधा कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. झामेनहोफने सांधा नव्हता तिथे कात्री चालवली, आणि ते चाललं, कारण त्या भाषेत तोवर कोणी नांदतच नव्हतं. हसणार कोण?

भाच्याला रात्री कळवलं. त्याचं उत्तर: "मावशी, म्हणजे आधी बायको, मग नवरा!" तेव्हा माझ्या लक्षात आलं.

७ जानेवारी

ह्या भाषेवरचा जुना आक्षेप असा की ती बाईला पुरुषातून काढते. पात्रो, मग पात्रिनो. फ्रातो (भाऊ), मग फ्रातिनो. कोको (कोंबडा), मग कोकिनो. धातू पुरुषाचा, बाई प्रत्ययापुरती. पुरुषालाही वेगळा प्रत्यय द्या, -इच असा, अशी सुधारणाही मांडली गेली आहे. आक्षेप खरा आहे. मीही मानते.

पण 'एद्झो' उलटा निघाला. म्हणून त्याच खात्यातले बाकीचे शब्द तपासले. 'फ्राउलो', ब्रह्मचारी. हा जर्मन 'फ्रॉयलाइन'वरून आला, म्हणजे कुमारिका. त्यातला शेवटचा तुकडा जर्मनमध्ये लहानपणा दाखवणारा आहे. एस्पेरांतोत 'फ्राउलिनो' झालं, शेवट बाईच्या -इनसारखा दिसला, तो काढला आणि कुमारिकेतून एक अविवाहित बाप्या बाहेर पडला. फ्रॉयलाइनमध्ये बाप्या मुळात नव्हताच.

दोन झाले.

१७ जानेवारी

दोन दिवस यादीला हात लावला नाही. कारण लिहून ठेवते.

ओळखीच्या घरातल्या धाकट्या मुलाची पत्रिका होती, ३०० प्रती. थोरल्याच्या लग्नाची फाईल कॉम्प्युटरवर होतीच. तीच उघडली, नावं-तारीख बदलली. मधल्या काळात आजोबा गेले होते. त्यांच्या नावापुढे 'कै.' आठवणीने लावलं. खालच्या ओळीत आजीच्या नावापुढचं 'सौ.' तसंच राहिलं. प्रूफ घरच्या दोन कर्त्या पुरुषांनी वाचलं, सही केली. माझी चूक ती चूकच.

गठ्ठे घरी गेल्यावर सुनेच्या ध्यानात आलं. परत छापायला वेळ नाही, कार्ड महागातलं. मग मी आणि जिभाऊंची मुलगी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि नव्या ब्लेडच्या कोपऱ्याने ३०० वेळा 'सौ.' खरवडलं. शाई मरून रंगाची. हात हलका ठेवला तर काना-मात्रा निघतात, स उरतो. जोर लावला तर कागदाचा चकचकीत पापुद्रा निघून खालचा पांढरा दिसतो. पन्नासेक कार्डांनंतर हात बसला: आधी टिंब, मग मात्रा, शेवटी स, वरून खाली. मरून भुकटी ओट्यावर सांडली ती कुंकवासारखी दिसत होती. आत बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं, संक्रांत नुकतीच झालेली.

आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कशाले खरवडस व माय, कोन वाचस?"

'सौ.'च्या जागी काय टाकायचं ते मात्र घरात ठरेना. 'गं. भा.' हातानं लिहायचं की 'श्रीमती'चा शिक्का मारायचा? शेवटी पांढरा डाग तसाच सोडला.

आज यादीत पुढचा शब्द आला तो 'विद्वो', विधुर. विद्विनो, विधवा. हा धातू लॅटिन 'विदुआ', रशियन 'व्दोवा' ह्यांच्या घरातला. त्या भाषांत मूळ शब्द विधवेचा. इंग्रजी आणि जर्मनमध्ये विधुराचा शब्द विधवेच्या शब्दाला शेपूट लावून करतात. जगाने आधी विधवेला नाव दिलं, विधुराला नंतर, गरज पडली तेव्हा. झामेनहोफच्या नियमात धातू पुरुषाचा, म्हणून त्याने क्रम फिरवला: विद्वो आधी, विद्विनो नंतर.

तीन. नवरा, ब्रह्मचारी, विधुर. लग्नाच्या खात्यातले तिन्ही पुरुष बाईच्या शब्दातून कापून काढलेले.

मुळाच्या रकान्यात झोकात लिहिलं: 'सं. वि + धव, नवरा नसलेली'.

२६ जानेवारी

वरची ओळ खोडली. नऊ दिवस अभिमानाने मिरवली.

शंका साधी आली. 'वि' म्हणजे विना आणि 'धव' म्हणजे नवरा, तर लॅटिन विदुआमध्ये, रशियन व्दोवामध्ये तो धव कुठे आहे? त्या भाषांत धव नावाचा नवरा कुणाच्याच घरी नाही. हा शब्द सगळ्या भावंडांत अख्खाच आहे, जोड नसलेला, 'वेगळं पडणे' अशा अर्थाच्या मुळाचा. फारसीतली 'बेवा'ही त्याच घरची. आमच्या गल्लीत मौलवी गंजच्या बाजूच्या बायका तोच शब्द वापरतात, आणि आपण समजतो की तो वेगळ्या गावचा.

मग धव आला कुठून? विधवेतूनच. ऋग्वेदात विधवा आहे. धव हा माणूस किंवा नवरा ह्या अर्थाने भेटतो तो पुढे, यास्काच्या निरुक्तात, शब्दांची मुळं सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात. तिथे यास्क विधवेच्या काही व्युत्पत्ती देतो, त्यातली एक अशी: धव हे माणसाचं नाव, त्याच्या वियोगाने विधवा. पंडितांना 'वि' दिसला, विरह-विफल-विकल ह्यांतला ओळखीचा वि. तो उचलला तर खाली 'धवा' उरली. ती काहीतरी असणारच, म्हणून नवरा. मग त्या नवऱ्याच्या जोरावर 'सधवा' झाली, नवरा असलेली. लक्ष्मीचा पती तो मा-धव, पार्वतीचा तो उमाधव. देवसुद्धा त्यात बसवले.

असुरातला 'अ' नकाराचा समजून 'सुर' काढले, तो ह्याचाच थोरला भाऊ.

म्हणजे वॉर्सातल्या डॉक्टरने १८८७ मध्ये जे केलं, ते आपल्याकडे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. फरक एकच: त्याने कात्री कुठे चालवली ते तो विचारल्यावर सांगून मोकळा झाला. आपण धव शास्त्रात घातला.

धुळ्यात बसून हे लिहिताना राजवाड्यांची आठवण येणारच. इतिहासाचार्य १९२६ च्या अखेरीस ह्याच गावात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथलंच. मराठी धातूंचा कोश रचणारा माणूस, गावांची-आडनावांची मुळं संस्कृतात खणत नेणारा. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती ओढूनताणून आहेत असं माझं मत, पण कोणताही शब्द 'असाच आहे' म्हणून ते सोडत नाहीत, ह्याचं मला अप्रूप आहे. माझा 'वि + धव' त्यांच्याच गावच्या पाण्याचा परिणाम.

२ फेब्रुवारी

कोशात धवचा दुसरा अर्थही आहे: धावड्याचं झाड. सातपुड्यात भरपूर. त्याचाच डिंक आपण थंडीत लाडवांत घालतो. आज किराण्यात पाव किलो घेतला, खडे तुपात फुलवताना मनात म्हटलं, हा धव तरी खरा, ह्याला कोणी कुठून कापून काढलेला नाही.

दुकानात एक गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघून: "ही भाषा धुळ्यात बसून कोण शिकणार?" त्यांना म्हटलं, इथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच विनोबांनी पुढे तिबोर सेकेली नावाच्या भटक्या लेखकाकडून एस्पेरांतो शिकून घेतली. गिऱ्हाईक म्हणालं, विनोबांची गोष्ट वेगळी. बरोबर आहे. बिलबुकाचं प्रूफ घेऊन गेलं.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

जवळजवळ तीन महिने नोंद नाही. लग्नसराई. मशीन बंदच होत नव्हतं, जिभाऊंची भविष्यवाणी खरी ठरली, माझे दोन फर्मे खुंटीला.

एस्पेरांतोत ह्याला शब्द आहे: काबेई, म्हणजे चळवळीत जोरात असताना एकदम सोडून जाणे. काझिमिएझ बेइन हा पोलिश नेत्रवैद्य 'काबे' नावाने लिहायचा, त्या पिढीतला उत्तम अनुवादक. १९११ मध्ये काही न सांगता निघून गेला. लोकांनी रागावून त्याचं क्रियापद केलं. त्याचंही मूळ लिहायला चार सेकंद लागले. असे शब्द हवेत. (झामेनहोफही डोळ्यांचाच डॉक्टर. दोघांच्या यादीत तेवढं सारखं.)

तर मी काबे झाले नव्हते. भाच्याचंच लग्न ठरलं. अमळनेरची मुलगी, लग्न मे अखेर. पत्रिका अर्थातच मी लावायची. आज आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जमल्या होत्या. अंगणात झोका, आत खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन 'आपले विनीत'च्या खालची नावं टाईप करतेय. क्रम ठरलेला असतो, हजारदा लावलाय. मामा-मामी. फुवा-फुई. मावसा-मावशी.

तिथे हात थांबला.

मावशी म्हणजे मातृष्वसा. मातृ, आई. स्वसा, बहीण. आईची बहीण. प्राकृतातून घासत घासत मावशी. आणि मावसा? आईच्या बहिणीचा नवरा. त्याच्यासाठी वेगळा शब्द कोणी आणलाच नाही. मावशीचा शेवटचा ईकार काढला, आकार लावला, झाला मावसा. त्याच्या पोटात 'स्वसा' तशीच आहे. माझा नवरा, गेली वीस वर्षं ह्या घराचा जावई, मिशावाला, व्याकरणाच्या हिशोबात 'आईची बहीण' आहे, फक्त पुरुषाच्या वेषात.

फुईचंही तेच. पितृष्वसा, बापाची बहीण, तिची फुई, आणि तिच्या नवऱ्याचा फुवा. तिकडे देशावर आत्या, आणि तिचा तो आतोबा.

हिवाळाभर मी यिडिश, जर्मन, निरुक्त धुंडाळत होते, आणि हे रोज बोटांखालून जात होतं. दर पत्रिकेत, दर लग्नात, मरून शाईत.

शिवाय इथे कोणी पंडित नाही, टेबलाशी बसलेला डॉक्टर नाही. हे पोरांनी केलं असणार. ही मावशी, मग तिच्यासोबत आलाय तो कोण? मावसा.

४ मे

एस्पेरांतोत मावशी, आत्या, काकू सगळ्यांना 'ओंक्लिनो'. ओंक्लो म्हणजे काका-मामा, त्याला -इन. इथे नियम सरळ: बाई पुरुषातून. आईला सांगितलं. आईने तिच्या नातवाच्या भाषेबद्दल पहिल्यांदा काही विचारलं: "मंग मावशी आन काकू येकच? त्येस्ना घरमां नातं मोजतस का नही?"

मोजत असतील. पण कमी शब्दांत.

आईच्या नावापुढे काय छापायचं हा प्रश्न होताच. भाचा म्हणाला, आजीच्या नावापुढे काहीही नको, नुसतं नाव. मलाही पटलं होतं, ब्लेडचे वण बोटावरून गेले तरी डोक्यात आहेत. पण आईच अडून बसली. गं. भा. पाहिजे. मी म्हटलं, आई, आता लोक काढून टाकतात. ती म्हणाली, "तुन्हा बाप व्हता, हाई कसावरथून समजी?"

मी वाद घातला नाही. विधवेतून धव काढणाऱ्या पंडितांनी हे ऐकायला हवं होतं. भाचा चिडला. मी दोघांच्या मधलं म्हणून 'आजी' एवढा शब्द नावाआधी टाकून पाहिला, आई म्हणाली, "तो तं शेच, पन गं. भा. टाक." टाकलं.

११ मे

भाच्याचा हट्ट: पत्रिकेवर एक शब्द एस्पेरांतोत. 'शुभविवाह'च्या खाली, लहान टाईपात. गे-एद्झ-इज-ओ. 'गे' म्हणजे स्त्रीपुरुष दोघे मिळून, जर्मनवरून घेतलेला. 'एद्झ' आपला ओळखीचा. 'इज' म्हणजे होणे. दोघांचं नवरा-बायको होणं, लग्न.

रोमन लिपीत लावलं तर टोपीवाल्या अक्षराच्या जागी चौकोन आला. फॉन्ट बदलला, टोपी आली पण शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसली. प्लेट उद्या जायची. भाच्याला फोन केला, देवनागरीत टाकते म्हणाले.

आणि मग डिसेंबरातला घोटाळा समोर उभा. ह्या एका शब्दात दोन्ही ज आहेत. पहिला जावयातला, दुसरा जेवणातला. नियमाप्रमाणे 'गेएद्झिजो'. जिभाऊंनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, कोणाचं नाव आहे, तिकडच्या पाहुण्यांचं? आईने 'एजिजो' असं वाचलं, दोन्ही ज बरोबर, पहिला जिभेच्या टोकावर, दुसरा टाळूला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. 'द्झ' बघून अडखळली नाही का विचारलं, तर म्हणाली चष्मा नव्हता, अंदाजानं म्हटलं.

'गेएद्झिजो'च ठेवलं. मुलीकडच्यांना आधी फोन करून अर्थ सांगितला, नाहीतर आणखी ३०० कार्डं घेऊन ओट्यावर बसायची वेळ.

१८ मे

पत्रिका छापून गेल्या. प्रूफ चार जणांनी वाचलं, त्यातल्या दोन बायका.

नवऱ्याने कार्ड उघडलं, स्वतःचं नाव शोधलं, 'मावसा' वाचलं. त्याला मातृष्वसा पुन्हा एकदा समजावून सांगितली. ह्या वेळी टीव्ही बंद होता. म्हणाला, म्हणजे मी तुझी बहीण? मी म्हटलं, तुझी बायको तुझं मूळ आहे एवढंच. तो म्हणाला, हे काय सांगायला पाच महिने लागले?

एद्झो, मुळाचा रकाना, अंतिम: 'एद्झिनोवरून. एद्झिनो हा क्रोनप्रिंत्सेद्झिनोचा उरलेला तुकडा (झामेनहोफचं म्हणणं). यिडिश रेबेत्सिनची छाया असावी. तुलना: सं. विधवा, त्यावरून धव, म. मावशी, त्यावरून मावसा.' एका ओळीत मावत नव्हतं. टाईप दोन पॉईंट उतरवला.

मुळाच्या रकान्यात अजून ४१ ओळी रिकाम्या. पुढची 'तुय'. अर्थ: ताबडतोब. भाच्याचं लग्न उरकलं की बघू, नाहीतर पावसाळ्यात.